बाबांना जमेल असं सॉफ्टवेअर

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी आमच्या घरातली सगळी भांडणं डोंगरांवरून झाली. डोंगर केवढा असावा, त्याच्यावर बर्फ कुठून आला, तो स्क्रीनवर उमटायला अर्धा दिवस का लागतो, आणि तो उमटत असताना आईने मिक्सर काहून लावला. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, बूढापारा मोहल्ल्यातलं आमचं घर अरुंद आणि लांब होतं. पुढे बैठकीची खोली, मधे स्वयंपाकघर आणि मागे कौलांखालची लांबलचक परछी. गल्लीतल्या स्कूटरचा हॉर्न परछीपर्यंत ऐकू येई, आणि परछीत कुणी चिडून बोललं की ते गल्लीपर्यंत. त्यामुळे आमच्याकडे काय चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं. दूधवाल्यानेही एकदा मला सहज विचारलं होतं, की दीदी, पहाड़ बना कि नहीं.

परछी ही बाबांची जागा. बाबा सिंचन विभागाच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाणखाना, राजवाडा असले पडदे ते नाइलाजाने करत. त्यांचा जीव बाहेरच्या दृश्यांत होता. नदी, तलावाचा बांध, धानाची शेतं, लांबवर निळी होत गेलेली झाडी. परछीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड ताणलेलं असे आणि आम्ही त्याच्याखालून वाकून मोरीकडे जात असू. रंगात मिसळायच्या सरसाचा वास आणि आईच्या फोडणीचा वास यांतला फरक मला बरीच मोठी होईपर्यंत कळत नव्हता. दोन्ही मिळून जो वास होई तो घराचा, असं मी धरून चालले होते. सकाळी तव्यावर तांदळाच्या पिठाचा चिला पडल्याचा चर्र आवाज यायचा आणि त्याच वेळी मागे बाबा डब्यात रंग ढवळत असायचे. एवढ्या दोन आवाजांनी मला जाग येई.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतला चहा सांडू लागला, मग सही वेगळी दिसू लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. ते नाव बाबांनी घरात कधी उच्चारलं नाही. हात हलून राहिला, एवढंच म्हणायचे, तो हात शेजाऱ्याचा असावा अशा सुरात. त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. त्यानंतर रंगवलेल्या पडद्यावर नदीपलीकडची क्षितिजाची रेघ इतकी वाकडीतिकडी आली होती की पहिल्या रांगेतल्या लोकांना वारा सुटलाय असं वाटलं असेल. मंडळातल्या सगळ्यांनी त्या पडद्याचं तोंडभर कौतुक केलं, आणि पुढच्या नाटकाच्या वेळी बाबांना विचारलं नाही.

पुढच्या नाटकाला बाजारातून छापून आणलेला फ्लेक्स लागला. त्यावर लाल छपराचं लाकडी घर, बर्फाचे डोंगर आणि तळ्यात राजहंस. त्याच्यापुढे उभं राहून धोतर नेसलेला एक शेतकरी दुष्काळाबद्दल बोलत होता. बाबांनी अख्खं नाटक सरळ बसून पाहिलं. घरी आल्यावर आईने पाटवडीचा रस्सा गरम केला, तो त्यांना एरवी फार आवडायचा. त्यांनी ताट हातानेच पुढे सरकवलं आणि परछीत जाऊन बसले. रिकाम्या परछीत. तिथे काही ताणलेलं नव्हतं, म्हणून ती मला पहिल्यांदाच मोठी दिसली.

दुसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सोबत कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. आई अंबाडीची पानं खुडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कॉम्प्युटर शिकून राहिली न? त्याच्यात चित्रं निघतात म्हणते. बाबाले शिकव."

मी तिला सांगितलं की माझ्या कोर्समध्ये टायपिंग आणि हिशेब आहेत, चित्रं नाहीत. हे मी हिंदीत सांगितलं, कारण त्या काळात घरात मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर मी हिंदीतच देत असे. आईवर त्याचा काही परिणाम झाला नाही. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, अशी तिची पक्की समजूत होती. माझा मोठा भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, पुण्यात नोकरीला लागला तेव्हा त्याने आपला जुना कॉम्प्युटर घरीच ठेवला होता. त्याच्यावर आईने भरतकामाचं आच्छादन घातलं होतं आणि वर गणपती ठेवला होता. तो गणपती त्या दिवशी तिने स्वतः उचलून कपाटावर ठेवला आणि कॉम्प्युटरचं टेबल परछीत सरकवायला लावलं. विषय संपला.

बाबांना पटवायला अडचण येईल असं मला वाटलं होतं, पण ते लगेच तयार झाले. त्यामुळे सगळा भार माझ्यावर आला. त्यांची मागणीही साधी होती. जमीन, पाणी, आकाश आणि झाडी काढता यावी, आणि शिकायला सोपं असावं. मी दादाला फोन केला. दादाने अर्धा तास मला समजावलं की करायचंच तर नीट करा, आणि त्याच्या ऑफिसात जे सॉफ्टवेअर वापरतात तेच घ्या. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत पिंटूभैयाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो म्हणाला, दीदी, भैया को छोड़ो, मेरे पास बिगिनर वाला है, बच्चे भी चला लेते हैं. शिवाय माझ्या कोर्सच्या सरांनी एका मासिकासोबत आलेली सीडी दिली आणि तिच्यातलं एक फुकट सॉफ्टवेअर बघ म्हणाले, पण ते नवशिक्यांसाठी नाही असं मासिकातच लिहिलंय, हेही वर सांगितलं. अशी माझ्यापुढे तीन सॉफ्टवेअर आली. आमच्या घरात एकालाही कुणी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही. एक दादाचं, एक पिंटूचं आणि एक फुकटातलं.

दादाचं सुरू व्हायलाच इतका वेळ लागे की तेवढ्यात आईचा कुकर उतरायचा. उघडलं की एकाच स्क्रीनवर चार चौकटी. एकच वस्तू वरून, समोरून, बाजूने आणि तिरकी. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, यातली जमीन कोणती. जमीन नव्हतीच. जमीन आपण करायची होती, एका चौकोनी पत्र्यातून, त्याचे हजारो तुकडे पाडून, एकेक तुकडा वर ओढून. मी पुस्तक मांडीवर घेऊन, शिव्या गिळत, बऱ्याच दिवसांच्या झटापटीनंतर एक करडा उंचवटा उभा केला. बाबांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले की हे धोब्याचं गाठोडं आहे. मी दादाला फोन करून गाठोड्याचं सांगितलं. तो म्हणाला की हे शिकायला सहा महिने लागतातच, धीर धरा. मी फोन ठेवला तो आपटूनच.

पिंटूचं मात्र खरंच देखणं होतं. गोल गोल रंगीत बटणं, कोपऱ्यात हसरा सूर्य. माउसने डोंगर धरायचा आणि वर ओढायचा, सूर्य धरायचा आणि हवा तिथे सोडायचा. मी आईला सहज बसवलं तर तिने बघता बघता दोन डोंगर, एक तळं आणि चंद्र असं सगळं मांडलं, आणि पोळ्या करपायला लागल्या तरी उठेना. मला वाटलं, सुटलो आपण. मी पिंटूभैयाला मनातल्या मनात आशीर्वाद दिले आणि बाबांना खुर्चीत बसवलं.

बाबांनी माउस हातात घेतला आणि स्क्रीनवरचा बाण थरथरायला लागला. त्यांनी डोंगर धरला की डोंगर थरथरे. वर ओढायला जात, तो मधेच सुटे, पुन्हा धरत, तोवर तो तळ्यात पडलेला असे. सूर्य आकाशभर उड्या मारायचा. कुठलंही बटण उघडायला दोनदा टिचकी द्यावी लागे, आणि त्यांच्या टिचक्या कधी चार पडत, कधी एक. डाव्या हाताने करून पाहिलं, तर डाव्या हाताला सवय नाही. आईने माउसखाली ओला रुमाल ठेवून पाहिला, मनगटाला उशी बांधली. मी शेजारी उभी राहून सांगत होते, बाबा, धीरे से, डबल क्लिक करो न, डबल. हे मी किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. शेवटी त्यांनी माउस उचलला, तारेसकट टेबलाच्या कडेवरून खाली सोडला आणि म्हणाले, "हे लेकरांसाठी आहे म्हणते न तो? लेकरांचे हात हलत नाहीत. जा, परत करून ये."

त्यात भर म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा बर्फ. जरा उंच डोंगर केला की त्याच्यावर आपोआप बर्फ पडे, आणि तो कुठून बंद करायचा ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. आमच्या इथले डोंगर बुटके, माथ्यावर सपाट, उन्हाळ्यात तांबडे. पिंटूचं सॉफ्टवेअर त्यांना डोंगर मानायलाच तयार नव्हतं. मी सीडी परत द्यायला गेले तेव्हा पिंटूभैयाने मला समजावलं की अंकल को थोड़ा टाइम दो, इससे आसान तो दुनिया में कुछ है ही नहीं. मी त्याला काहीच बोलले नाही, कारण बोलले असते तर सदर बाजार गोळा झाला असता.

आता मी स्वतः कॉम्प्युटरवरच्या चित्रांच्या क्षेत्रात इतकी वर्षं काढली आहेत की लोक मला फोन करून विचारतात, मॅडम, नवशिक्यासाठी लँडस्केपचं सोपं सॉफ्टवेअर कोणतं. मी विचारते, नवशिका कोण आहे? त्यांना वाटतं मी नाव विचारते आहे. ते फक्त यादी मागत असतात. अशा याद्या आजही जिथे तिथे मिळतात आणि आजही तितक्याच ठामपणे चुकलेल्या असतात. माझी मुलगी तर फोनला नुसतं बोलून नदी मागते आणि नदी येते. ती आली की तिला कळतं की ही नको होती, मग ती दुसरी मागते. मी शेजारच्या खोलीतून ऐकत बसते आणि माझा पारा चढत जातो, कशावर ते मला नेमकं सांगता येत नाही.

असो. पिंटूची सीडी परत गेल्यावर घरात काही दिवस कॉम्प्युटरचं नाव निघालं नाही. बाबा सकाळी बूढा तलावाकडे फिरायला जात, येऊन पेपर वाचत, जेवून झोपत. ते भांडत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. एका दुपारी निव्वळ चिडचिडीतून मी फुकटातलं सॉफ्टवेअर उघडलं. ते दिसायला बँकेच्या स्लिपसारखं होतं. करडी खिडकी, आणि तिच्यात आकडे भरायच्या रिकाम्या चौकटींची रांग. जमिनीची उंची, खडबडीतपणा, पाण्याची पातळी, सूर्य किती वर, सूर्य कोणत्या दिशेला. ओढायला काही नाही, हसरं काही नाही. आकडे भरा आणि कोपऱ्यातल्या छोट्या चित्रात काय होतं ते बघा. मी कपाळाला हात लावला आणि बंद करणार, तर मागून बाबांचा आवाज आला, "थांब. पाण्याची लेव्हल लिहून राहिली का ते?"

ते खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर त्यांनी उंच-सखलपणाचे नकाशे काढले होते, त्यामुळे उंची आकड्यात लिहिणं त्यांच्या अंगवळणी होतं. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. विशेष हे होतं की माउस लागतच नव्हता. टॅबची कळ दाबली की पुढची चौकट, आकडा टाकायचा, पुन्हा टॅब. एका बोटाने. हात कितीही हलला तरी बोट शेवटी कुठल्या तरी कळेवर टेकतंच. मला आशा वाटली, पण ती लगेच विझली, कारण बाबांनी चाळीस लिहायला चार दाबला आणि थरथरीने चारावर चार उमटत गेले. पुढे शून्य, तेही एकापुढे एक. कोपऱ्यातल्या चित्रात जमिनीतून एक सुई उगवली आणि आकाशाबाहेर गेली.

पुढचा आठवडा सुयांचा. बाबा आकडा लिहीत, मी जादाचे आकडे खोडत असे. ते म्हणत की तू खोडू नको, मी खोडतो, आणि खोडायला जात तर सगळंच पुसून बसत. भरीस भर म्हणून मधेच पीं करून एक छोटी खिडकी उघडायची, इंग्रजीत काहीबाही विचारायची आणि काम अडवायची. बाबांचा हात शिफ्टच्या कळेवर टेकला की ती यायची. मी दर वेळी चरफडत ती बंद करत असे. आई स्वयंपाकघरातून विचारायची की काय वाजून राहिलं, आणि मी ओरडायचे की कुछ नहीं. कॉलेज, कोर्स आणि हा पींपीं. माझ्या मैत्रिणी गोलबाजारात फिरत होत्या आणि मी घरात बसून माझ्या बापाचे शून्य खोडत होते. असं मी एकदा मोठ्याने म्हटलंसुद्धा. बाबांनी ऐकलं. म्हणाले, "माहीत आहे मले. दोन मिनिटं अजून बस."

त्या दोन मिनिटांत ती खिडकी पुन्हा आली, आणि या वेळी मी ती बंद न करता रागारागाने वाचली. एकच कळ लागोपाठ अनेकदा दाबली गेली, तर दाबणाऱ्याचे हात त्याच्या ताब्यात नसतील असं समजून कॉम्प्युटर मदत देऊ करत होता. आठवडाभर तो हेच विचारत होता, आणि मी आठवडाभर त्याला हाकलत होते. खिडकीतून आत गेल्यावर अशा बऱ्याच सोयी निघाल्या. त्यातली एक अशी की एकदा दाबलेली कळ लगेच पुन्हा दाबली गेली, तर दुसऱ्यांदाचं दाबणं मोजायचंच नाही. मी ती चालू केली आणि बाबांना म्हटलं, लिखो.

त्यांनी चार दाबला. बोट कळेवर फडफडत होतं. स्क्रीनवर एकच चार उमटला. मग शून्य, एकच. कोपऱ्यातल्या चित्रात जमीन जराशी वर आली आणि थांबली. बुटकी, माथ्यावर सपाट. बाबांनी टॅब दाबली आणि सूर्याच्या चौकटीत आकडा लिहायला घेतला. मी उठून मोरीकडे गेले आणि नळ सोडून उगाच पाय धूत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि मी ते कुणाला दाखवणार नव्हते.

इथे गोष्ट गोड झाली असं कुणाला वाटेल, तर नाही. हात मोकळा झाल्यावर बाबा पूर्वीसारखे झाले, म्हणजे छळायला लागले. गणपतीतल्या नाटकाला पडदा आपण द्यायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि मंडळाचे सेक्रेटरी वसंतकाका यांना सांगूनही टाकलं. नाटक कोकणातल्या एका नदीच्या घाटावर घडणारं होतं. वसंतकाका घरी आले, चित्राचा नमुना पाहिला आणि माड कुठे आहेत म्हणून विचारू लागले. बाबांनी महानदी काढली होती. हिवाळ्यातली, रुंद वाळू, मधून बारीक धार, पलीकडे सपाट माथ्याचे डोंगर आणि महुव्याची झाडं. वसंतकाका म्हणाले, हे कोकण वाटत नाही. बाबांनी विचारलं, "वसंता, तू कोकण पाहिलं का?" वसंतकाकांनी पाहिलं नव्हतं. बाबांनीही नाही. आमच्या मंडळात कोकणाबद्दल डोळे मिटून बोलणारे पुष्कळ होते, पण सगळ्यांचे आजे-पणजे इथेच जन्मलेले. काका चहा पिऊन हताश होऊन गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की एखादं माडाचं झाड तरी टाक बेटा, त्यांना न सांगता. मी टाकलं नाही, आणि ते तत्त्वाने नव्हे. त्या सॉफ्टवेअरमध्ये माड नव्हताच.

फ्लेक्स छापणाऱ्याने चित्र बघितलं आणि सांगितलं की एवढ्या लहान चित्राचा पडदा केला तर रंगांचे विटांसारखे चौकोन दिसतील, मोठं करून आणा. मोठं चित्र तयार व्हायला दिवस-दिवस लागू लागला. स्क्रीनवर ते वरून खाली एकेक रेघ उमटत येई. आधी आकाश, तासन्‌तास नुसतं आकाश. त्या काळात फ्यूज उडू नये म्हणून आमच्या घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद, चटणी खलबत्त्यात. तरी दोनदा अगदी वाळूपर्यंत आलं असताना वीज गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, अब मुझसे नहीं होगा, फ्लेक्सवाले से राजहंस ले आओ. बाबा अंधारलेल्या स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले की एवढं मोठं कापड तरी कुठे एका तुकड्यात मिळायचं. आपण पट्टे शिवत होतो. पट्टे कर.

सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा ठरावीक तुकडाच काढायची सोय होती; कुठून कुठवर, तेही आकड्यातच. बाबांनी पट्ट्यांचे आकडे काढले, त्यांचं टिपण आईने मोठ्या अक्षरात करून भिंतीला चिकटवलं. वीज गेली तरी आता एकच पट्टा जाई. नाटकाच्या आदल्या दिवशी सगळे पट्टे छापून, जोडून आले, आणि टांगल्यावर दिसलं की छापताना शाई बदलल्यामुळे एका पट्ट्यातलं आकाश कावीळ झाल्यासारखं पिवळं आलंय. मी छापणाऱ्याशी भांडायला निघाले. बाबांनी मला थांबवलं आणि नाटकातली नावाड्याची झोपडी उचलून त्या पट्ट्यापुढे ठेवायला लावली. झोपडी तिथे दिग्दर्शकाला नको होती. बाबा तिच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिले, तेव्हा ती तिथेच राहिली.

नाटक सुरू झालं. दर्शनी पडदा बाजूला झाला. माझ्या पुढे बसलेल्या एका बाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, की अहो, हे आपल्या राजिमकडचं नदीचं पात्र आहे का, आणि त्यांनी हव म्हणून मान हलवली. नाटकातली माणसं कोकणातलं बोलत राहिली आणि त्यांच्यामागे आमची महानदी. कुणाला काही खटकलं असेल तर ते मला कळलं नाही. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, ते लोकांची तोंडं बघत होते.

शेवटी वसंतकाका माइकवर आले. सगळ्यांचे आभार मानले. मग म्हणाले की यंदाचं विशेष आकर्षण म्हणजे हा कॉम्प्युटरवरचा पडदा, आणि तो केला आहे आमच्या मंडळाच्या हुशार मुलीने. माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मी उभी राहिले ती टाळ्यांसाठी नाही, हे चूक आहे असं सांगायला. बाबांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला. राहू दे, असं म्हणाले बहुतेक. त्यांचा चेहरा अगदी साधा होता, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मी आजही तो आठवला की मला वसंतकाकांचा राग येतो, जरी ते जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि माणूस वाईट नव्हता. कॉम्प्युटर म्हटलं की मुलीचं काम, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं असणार.

तेव्हा आई उठली. माझी आई मंडळाच्या कार्यक्रमात कधी हळदीकुंकवाच्या ताटापलीकडे बोलली नव्हती. ती जागेवरूनच बोलली, माइकशिवाय, स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी. "भाऊजी, ते चित्र ह्यांचं आहे. पोरीनं फक्त कळा दाखवल्या. आकाश, पाणी, डोंगर, सगळं ह्यांनी काढलं. ते नीट सांगा."

वसंतकाका गडबडले. चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि त्यांनी बाबांचं नाव घेतलं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. टाळ्या पुन्हा झाल्या, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. बाबा उभे राहिले. नमस्काराला हात जोडले तेव्हा हात हलत होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. आई खाली बसली आणि पदराने कपाळ पुसत मला म्हणाली की चल, घरी वरण लावायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी ठरवलं होतं की उशिरापर्यंत झोपायचं आणि त्या यंत्राचं तोंड बघायचं नाही. चिल्याचा वास आला तरी मी उठले नाही. मग परछीतून कळांचा आवाज यायला लागला. टक्, थोडं थांबून टक्, पुन्हा टक्. मी उशी कानावर घेतली. आवाज थांबला आणि बाबांनी हाक मारली, "शुभा, इकडे ये. नदीत पाणी जास्त झालं. अजून जरा उतरवू का?"

मी तशीच, केस विस्कटलेली, जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की बाबा, नाटक झालं काल. पडदा उतरवला, घडी घातली, मंडळाच्या खोलीत ठेवला. आता काहून त्रास देऊन राहिले? हे मी मराठीत म्हटलं, रागाच्या भरात.

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. एक बोट टॅबच्या कळेवर टेकवून ते छोट्या चित्राकडे वाकले होते. "नाटक झालं," ते म्हणाले, "नदी झाली नाही अजून. खुर्ची घे."

मी खुर्ची घेतली.